अभिषेकपात्राचं साल

अठ्ठ्याण्णव साली आमच्या यजमानांचे डोळे अधू झाले आणि मी दुकानात बसायला लागले. डॉक्टर म्हणाले, साखरेने पडदे खराब झालेत. मला पडदे-बिडदे काही कळलं नाही. एवढंच कळलं की दोन मुलींचे डबे, घरातलं सगळं, ह्यांचं सकाळ-संध्याकाळचं इंजेक्शन आणि त्यावर आता दुकान. बाईमाणसाने गल्ल्यावर बसावं की नाही यावर नातेवाइकांनी बरीच चर्चा केली. चर्चा करणाऱ्यांपैकी बसायला कोणी आलं नाही, म्हणून मी बसले.

दुकान रत्नागिरीच्या बाजारात, सासऱ्यांपासूनचं. मोठ्या सराफांच्या पंक्तीत बसणारं नव्हे. समईचा हललेला खांब, तुटलेली साखळी, मोडीत घातलेली भांडी, असली कामं आमच्याकडे यायची. पण एका गोष्टीसाठी लोक लांबून यायचे. बुरोंडीपासून, मुरुडपासून, दोन-दोन गाड्या बदलून. जुन्या इंग्लिश चांदीवरचे शिक्के वाचून ती कुठली, कुणी घडवलेली आणि कुठल्या सालची हे सांगणारा माणूस म्हणजे आमचे हे.

इथल्या किनाऱ्यावरचे कितीतरी बाप्ये बोटीवर गेलेले. कोणी खलाशी, कोणी बटलर, कोणी भट्टीवर कोळसा ओढणारा. येताना त्यांनी तिकडची चांदी आणली आणि घरच्या बायकांनी तिला आपल्या कामाला लावलं. चहाच्या किटलीतून तीर्थ द्यायला लागल्या, साखरेच्या भांड्याचा कुंकवाचा करंडा झाला. एका घरात टोस्ट उभे करायच्या घोड्यात गणपतीपुढचे विडे उभे केलेले मी स्वतः पाहिलेत. छान दिसत होते.

शिक्के साधारण चार. चालणारा सिंह दिसला की चांदी खरी. गावाची खूण वेगळी: बिबट्याचं डोकं म्हणजे लंडन, बोटीचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. बर्मिंगहॅमला समुद्र नाही, तरी नांगर. आमच्याकडच्या लोकांना मात्र नांगर दिसला की भरून यायचं. आजोबांच्या बोटीचाच शिक्का तो, असं त्यांनी धरलेलं असायचं, आणि त्यांचा गैरसमज काढायचं काम माझ्याकडे आलं होतं. मग दोन अक्षरं जोडून असतात ती कारागिराची. आणि शेवटी एकटं अक्षर असतं ते सालाचं. दर वर्षी अक्षर बदलायचं. इंग्रजी अक्षरांची माळ संपली की अक्षराचं वळण आणि भोवतीची चौकट बदलून पुन्हा पहिल्यापासून. त्या माळेत एक अक्षर गाळलेलं असतं, ते विसरलीस तर पुढची सगळी सालं चुकतील, हे ह्यांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. कधीकाळी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून आलेले तक्ते त्यांनी शंभर पानी वहीत उतरवून घेतले होते. पण वही ते उघडत नसत. त्यांना ती पाठ होती.

तर आमची पद्धत अशी होती: मी बघायचं, त्यांनी ओळखायचं. मी भिंग डोळ्याला लावून सांगायची, "नांगर आडवा, सिंह, मग अक्षर, चौकट खाली निमुळती." हे मान खाली घालून ऐकायचे आणि साल सांगायचे. त्यात कधी चूक झालेली मला माहीत नाही. आणि दिसलं नाही तर दिसलं नाही म्हणायचे. आमच्या बायका चांदी आमसुलाच्या पाण्याने आणि रांगोळीने अशा घासतात की भांड्याचा तळ आरशासारखा होतो आणि सिंह नाहीसा होतो. "नाही सांगता येत," हे म्हणायचे आणि भांडं परत करायचे. लोक रागवायचे माझ्यावर. कारण त्यांच्या आणि माझ्या मध्ये काउंटर होता आणि हे मागे खुर्चीवर.

मला या कामाचा कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू. चार-पाच तास भिंगातून बघितलं की संध्याकाळी भात उपसताना माझ्याही डोळ्यांपुढे सिंह चालायचे. येणाऱ्या प्रत्येकाला आपलं भांडं व्हिक्टोरिया राणीच्या वेळचं हवं असायचं. निम्म्या भांड्यांवर ई-पी-एन-एस अशी चार अक्षरं निघायची, म्हणजे वरून नुसता चांदीचा मुलामा. ते ऐकून एक गृहस्थ मला म्हणाले होते, "बाई, तुम्हाला काय कळतंय?" मी म्हटलं, "मला काही कळत नाही, मला फक्त दिसतं." ह्यांना मागे बसून हसू आलं. मला आलं नाही.

दोन हजार एकच्या मे महिन्यातली गोष्ट. मे महिना म्हणजे आमच्याकडे आंबे आणि वाटण्या. मुंबईकर रजा काढून येतात आणि वर्षभर लोंबकळलेलं सगळं आठ दिवसांत उरकायला बघतात. दुपारी तीनच्या सुमाराला एक पासष्टीची बाई आणि तिच्याबरोबर चाळिशीचा एक माणूस असे दुकानात आले. गाव वेळणेश्वराच्या अलीकडचं. तो तिच्या चुलतभावाचा मुलगा, तिला आत्या म्हणत होता. त्याच्या पिशवीत घरातली चांदी होती: दोन वाट्या, निरांजनं, चेपलेलं फुलपात्र, एक गुलाबदाणी. घर पाडून जागेची वाटणी व्हायची होती, त्याआधी देवघरातली चांदी मोडायची आणि वजनाने सारखी वाटून घ्यायची असं ठरलं होतं. आमच्याकडे नेहमीचंच काम. मागच्या बाजूला आमच्या कारागिराने शेगडी पेटवलेलीच होती.

एक वस्तू मात्र पिशवीत नव्हती. ती बाईच्या मांडीवर, जुन्या परकराच्या तुकड्यात गुंडाळलेली होती. मी सोडायला सांगितलं तर तिने आधी त्या माणसाकडे बघितलं.

अभिषेकपात्र होतं. शंकराच्या पिंडीवर टांगतात ते, तळाला भोक, त्यातून थेंब थेंब पाणी गळत राहतं. तीन बाजूंना तीन कड्या आणि साखळ्या. पण पात्राचा आकार आपल्याकडचा नव्हता. उभट, काठाला बारीक मण्यांची ओळ, आणि एका बाजूला वर-खाली दोन ठिकाणी जोडाचे डाग घासून सपाट केलेले. तिथे कधीतरी कान होता.

"हा माझा मग," बाई म्हणाली. "बाबांनी आणलंनी माझ्या उष्टावणाला. बोटीवर होते ना ते. मला पहिला भात भरवलंनी तो ह्याच्यातनं. म्हातारपणी बाबा देवाला लागले, मग ह्याचं अभिषेकपात्र करून घेतलंनी. एवढी भक्ती होती."

"आत्याचं हे नेहमीचं आहे," तो माणूस म्हणाला. वाईट माणूस नव्हता. दमलेला दिसत होता, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. "ही पणजोबांची वस्तू. त्यांना कुठल्या तरी साहेबाने दिली होती असं आमच्या घरात सगळे सांगतात. म्हणजे सगळ्यांची झाली. मी एकटा असतो तर ठेव म्हटलं असतं, पण मागे सहा जण आहेत. तुम्ही साल सांगा. पणजोबा आत्याच्या जन्माआधी सात-आठ वर्षं गेले. साल त्यानंतरचं निघालं तर ती घेऊन जाऊ दे, मी सगळ्यांना सांगतो. नाही तर बाकीच्याबरोबर टाका."

टाका म्हणजे वितळवायला मुशीत टाका.

"आणि हा बघा नांगर," बाई मला म्हणाली. "बाबांच्या बोटीचा. ह्याचे पणजोबा कुठे बोटीवर होते?"

गावाची खूण ती, हे मला सांगावंसं वाटलं नाही. मी भिंग लावलं आणि पात्र उपडं केलं. शिक्क्यांची ओळ काठाकडून सुरू होऊन तळाच्या मध्याकडे गेली होती. पहिली कारागिराची अक्षरं, आमसुलाने पुसट झालेली. मग नांगर. मग सिंह. मग भोक.

अभिषेकपात्राला भोक पाडायचं म्हणजे ते बरोबर मध्यावर पाडतात, नाही तर धार पिंडीवर पडत नाही. ज्याने पाडलं त्याने मध्य बघितला आणि पाडलं. सालाचं अक्षर होतं तिथेच. भोकाचा काठ आत वळवून गुळगुळीत केलेला. अक्षराचा पाय नाही, चौकटीची रेघ नाही, काही नाही.

मी सांगत गेले, "नांगर. सिंह. राणीचं डोकं नाही." राणीचं डोकं ही कर भरल्याची खूण, ती पुढे बंद झाली होती. पण ती बंद झाल्यावरही पणजोबा बरीच वर्षं जिवंत होते, त्यामुळे त्यावरून काही ठरत नव्हतं. ठरलं असतं ते अक्षरावरूनच.

"अक्षर?" ह्यांनी विचारलं.

मी बाईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. परकराचा तुकडा घडी घालून मांडीवर ठेवला होता आणि त्यावरून हात फिरवत होती. तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं, हे बघणाऱ्याला कळत होतं. हातात काचेच्या बांगड्या, गळ्यात काळा दोरा. मला तिचं वाईट वाटलं असं म्हणणं सोपं आहे. खरं तर मला राग आला. आमच्या सिंहाचा, नांगराचा, त्या शंभर पानी वहीचा. एका बाईला माझ्या बापाने मला दिलेली वस्तू आहे हे सांगायला बर्मिंगहॅमच्या शिक्क्याची साक्ष काढावी लागते आणि ती साक्ष मी द्यायची. मी दमले होते. दमलेल्या माणसाला खरेपणा जड होतो, हे तेव्हा मला पहिल्यांदा समजलं.

"मावशी, जन्मसाल काय तुमचं?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं. तिने सांगितलं. पदराखाली मी बोटांवर अक्षरं मोजली.

"भोकाच्या काठाला अर्धं उरलंय," मी म्हणाले आणि एक अक्षर सांगितलं. चौकटही सांगितली, त्या माळेला असते तशी.

नेहमी माझं वाक्य संपायच्या आत ह्यांचं साल तयार असायचं. आज ह्यांनी हात पुढे केला. मी पात्र हातात दिलं. त्यांनी ते मांडीवर उपडं ठेवलं, अंगठा भोकाच्या काठावरून एकदा फिरवला, मग आतल्या बाजूने एकदा. मला वाटलं आता म्हणतील, नाही सांगता येत.

त्यांनी साल सांगितलं. तिच्या जन्माचं.

बाईने डोळ्यांना पदर लावला. तो माणूस म्हणाला, "मी बघू?" मी त्याला भिंग दिलं. कोणत्या बाजूला बघायचं तेही दाखवलं. त्याने बराच वेळ बघितलं आणि दिसलं म्हणून मान डोलावली. भिंगातून आपल्याला काही दिसलं नाही असं कबूल करणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

"लिहून द्याल का?" तो म्हणाला. "मागच्यांना दाखवायला."

ह्यांनी सांगितलं तसं मी दुकानाच्या कागदावर लिहिलं. सही करायची जागा त्यांना दिसत नसे, म्हणून मी नेहमीप्रमाणे त्यांचं बोट धरून तिथे टेकवलं. बाकीची चांदी मोडीला गेली. अभिषेकपात्र परत परकरात गेलं. जाताना पायरीवर थांबून बाईने ह्यांना विचारलं, "भोक बुजवून कान परत लावता येईल काय हो?"

"येईल. पण डाग दिसेल."

ती विचार करत उभी राहिली. "नको मग. बाबांनी मनापासून केलंनी ते. शंकरालाही सवय झालेली असेल."

सात वाजता मी दुकान आवरायला घेतलं. हे खुर्चीतच होते. मनाला चुटपुट लागली होती म्हणून मी वही काढली आणि ते पान उघडलं. बोट ठेवून अक्षरं पुन्हा मोजली. गाळलेलं अक्षर मी मोजताना धरलं होतं. मी सांगितलेलं अक्षर तिच्या जन्मसालाचं नव्हतंच, आदल्या वर्षाचं होतं. आणि ह्यांनी सांगितलं ते तिच्या जन्मसालाचं.

वहीतली सालं हे चुकत नसत. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी चुकले नसते.

"अहो," मी म्हणाले, "मी सांगितलेल्या अक्षराचं साल ते नव्हे."

"नव्हेच."

"मग?"

"तू मोजताना चुकलीस. मी साल बरोबर सांगितलं." मग म्हणाले, "तिथे अक्षर नाही. भोक माझ्या हातचं आहे."

मी वही हातात घेऊन स्टुलावर बसले.

"काठ आत वळवायची खोड माझी," ते म्हणाले. "आमचे बाबा ओरडायचे, धार अडते म्हणून. सतरा-अठरा वर्षांचा असेन. तिचा बाप तो मग घेऊन आला होता, पिशवीतनं काढलान आणि इथे, ह्याच काउंटरवर ठेवलान. बाबांनी विचारलं, एवढी चांगली वस्तू का मोडता? तर म्हणाला, मुलीच्या उष्टावणाला आणलेला, पुढे नातवाला भरवायला जपून ठेवला होता. मुलीला मूल होत नाही. नवऱ्याने परत पाठवलीन. दुसरं लग्न केलंन. आता ह्यातनं भरवू कोणाला? घरात दिसला की जेवण जात नाही. कान काढा, भोक पाडा, म्हणजे पुन्हा कधी मग म्हणून नजरेला पडायचा नाही."

"आणि तुम्ही पाडलंत."

"बाबांनी माझ्याकडे दिलं. अक्षर तेव्हा स्पष्ट असणार. पण ते साल असतं हे कोणाला ठाऊक होतं? मध्य बघितला आणि पाडलं."

रस्त्यावरून मच्छीवाल्या बायका रिकाम्या टोपल्या घेऊन मिरकरवाड्याकडे परत चालल्या होत्या. एक ओळखीची होती, तिने हात केला. मी काही हात केला नाही.

"मग हेच का नाही सांगितलंत त्याला? हे तर खरं होतं. तुम्ही स्वतः बघितलेलं. शिक्क्यापेक्षा खरं."

"तिच्या समोर सांगू?"

मी वही मिटली.

"ती काय म्हणाली ऐकलंस ना. बाबांची भक्ती. पस्तीस वर्षं ती त्या पात्रात पाणी घालतेय, बापाची भक्ती म्हणून. मी तोंड उघडलं असतं तर पात्र तिला मिळालं असतं आणि बाप गेला असता." त्यांनी खिशातून रुमाल काढून डोळे पुसले. त्यांच्या डोळ्यांतून तसंही पाणी यायचं, औषधाने. "साल सांगणं सोपं होतं."

त्या क्षणी मला ह्यांच्याबद्दल जे वाटलं ते लग्नाच्या बावीस वर्षांत कधी वाटलं नव्हतं. वाटलं, उठावं आणि ह्यांच्या डोक्यावर हात ठेवावा. आणि हसूही आलं. वर्षानुवर्षं 'नाही सांगता येत' म्हणून लोकांचा रोष पत्करणारा माणूस, आणि एका दुपारी दोघांनी एकमेकांना न सांगता एकच खोटं बोलावं, तेही बायकोची मोजण्यातली चूक नवऱ्याने दुरुस्त करून. मी हसत म्हणाले, "म्हणजे दोघेही लबाड निघालो."

हे हसले नाहीत.

"मी तिला खोटं सांगितलं," ते म्हणाले. "तू मला सांगितलंस."

"अहो, मी तिच्यासाठीच—"

"ते कळलं. पण तिला सांगण्याआधी तू मला सांगितलंस. अर्धं उरलंय म्हणालीस. मला दिसत नाही म्हणून म्हणालीस. दिसत असतं तर म्हणाली असतीस?"

आवाज चढला नव्हता. चढला असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. मी सगळा दिवस कसा काढते, कोणाच्या डोळ्यांनी दुकान चालतं, असं बरंच काही बोलता आलं असतं. पण ते विचारत होते ते खरं होतं. दिसत असतं तर म्हणाले नसते. मी वही जागेवर ठेवली, कुलूप घेतलं आणि त्यांचा हात धरून पायरी उतरवली. घरी जाऊन इंजेक्शन दिलं. जेवणं झाली.

दुकान आम्ही त्यानंतर आणखी सहा वर्षं चालवलं. लोक येत राहिले, मी शिक्के वाचत राहिले. मी त्यांना पुन्हा एकदाही खोटं सांगितलं नाही. पण तेव्हापासून मी नांगर म्हटलं, सिंह म्हटलं, अक्षर सांगितलं की हे हात पुढे करायचे, भांडं मांडीवर उपडं ठेवायचे आणि शिक्क्यांवरून एकदा अंगठा फिरवायचे. घासून गेलेल्या चांदीत अंगठ्याला काय कळत होतं कोण जाणे. साल ते त्यानंतरच सांगायचे. तेवढा वेळ मी भिंग हातात धरून उभी राहायची.